माझ्या चार खिडक्या आणि हळदीची शाळा

नोकरीत मी किती शाळा तपासल्या याची मोजदाद ठेवलेली नाही, पण खऱ्या शाळा विचाराल तर पाच-सहाच पाहिल्या, आणि त्याही चुकून. बाकीच्या सगळ्या मला दाखवल्या गेल्या. तपासणीच्या पंधरा दिवस आधी आमच्या कचेरीतून पत्र जायचं की अमुक दिवशी साहेब येतील, तरी शाळा सज्ज ठेवावी. आता 'उद्या सकाळी दहाला झडतीला येतो' असं चोराला कळवणारा फौजदार तुम्ही कुठं पाहिलाय का? आमच्या खात्यात मात्र ही रीत होती आणि ती कुणाला वावगी वाटत नव्हती, मलासुद्धा. पत्र पोचलं की गावात लगीनघाई उडायची. भिंतींना चुना, जमिनीला शेण, पोरांना आंघोळी. मी पोचायचो तेव्हा चुना ओलाच असायचा. मी कुठं टेकलो की निम्मी भिंत माझ्या पाठीवर यायची आणि दिवसभर कुणी ते सांगायचं नाही.

माझा हुद्दा शिक्षण विस्तार अधिकारी. एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला वेळ आहे? लोक जुन्या सवयीनं 'दिपोटी' म्हणायचे. सुरुवातीची वर्षं साताऱ्याकडं गेली, मग सत्तरच्या पुढं बदली होऊन सांगलीकडं आलो. 'दिपोटी आलं रं!' अशी आरोळी उठली की सगळ्यात व्रात्य कार्टंसुद्धा नाक पुसून बसायचं. हा मान मी पुरेपूर उपभोगला, खोटं कशाला बोलू?

या कामाची माहिती नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. तपासणी म्हणजे एक छापील तक्ता भरायचा असायचा. पट किती, हजर किती, वाचन कसं, पाढे कुठवर, नकाशे आहेत का, ते उंदरांनी खाल्लेत का. आणि यातच एक रकाना होता, 'हवा व उजेड'. आता वर्गातली हवा तपासायची कशी? नाकानं, असं तुम्ही म्हणाल. म्हणूनच खात्यानं तुम्हाला घेतलं नाही. हवा टेपनं तपासायची. वर्गाची लांबी-रुंदी मोजायची, खिडक्यांची लांबी-रुंदी मोजायची, आणि जमिनीच्या मानानं खिडक्या ठरलेल्या मापात बसल्या की लिहायचं, 'हवा पुरेशी'. जास्त भरल्या तर 'हवा भरपूर'. त्या खिडकीतून आत काय येतं हे विचारणारा रकाना तक्त्यात नव्हता, आणि रकाना नसलेली गोष्ट सरकारी माणसाला दिसत नाही. हा डोळ्यांचा दोष नव्हे, सवयीचा.

याच तक्त्यापायी जतकडं एकदा भलतीच पंचाईत झाली. तिथं काही महिने तात्पुरता होतो. एका धनगरवस्तीवर शाळा लिंबाखाली भरायची. चारी बाजूंनी उघडा माळ आणि वारं असं की फळा दोरीनं खोडाला बांधून ठेवलेला. भिंती नाहीत म्हणून खिडक्या नाहीत, म्हणून मी इमानेइतबारे 'खिडक्या : नाहीत' असं लिहिलं. महिन्याभरानं वरून पत्र आलं की सदर शाळेत हवा अपुरी असल्याचे दिसून येते, तरी त्वरित खिडक्या बसवून पूर्तता कळवावी. मी ते पत्र वस्तीच्या कारभाऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं, माळाकडं चौफेर नजर फिरवली आणि म्हणाला, "बसवू की सायेब. पन कशात बसवायच्या तेवढं सांगा." मी काय सांगणार कपाळ! 'कार्यवाही चालू आहे' असं वर कळवलं. माझ्या हिशेबी ती अजून चालूच असेल.

साताऱ्याकडं होतो तेव्हाचीही एक आठवण आहे. शिरवळच्या अंगाला कारखान्याची एक चिमणी नवी उभी राहिली होती. चित्रकलेच्या तासाला 'आमचा गाव' काढा म्हटलं की पोरं देऊळ, नदी, झाड सोडून चिमणीच काढायची, आणि ज्याचा धूर जास्त काळा त्याला मास्तर जास्त गुण द्यायचे. एकानं तर धुराला जागा पुरेना म्हणून मागचं पान घेतलं होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि 'कल्पकता उत्तम' असा शेरा दिला. धूर म्हणजे पोटापाण्याची सोय, एवढाच अर्थ तेव्हा आम्हाला ठाऊक होता. तो पोराच्या छातीत जातो हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

पण हे सगळं हसण्यावारी नेता येतं. आता जे सांगणार आहे ते नेता येत नाही. गेली कित्येक वर्षं मी ते हसतच सांगत आलोय, हा भाग निराळा.

सांगली हळदीची पेठ आहे हे तुम्हाला माहीत असेलच. पण दुकानात चकचकीत दिसणारं हळकुंड शिजवून वाळवल्यावर तसं नसतं. ते असतं खडबडीत, मातकट, मुळ्या लोंबणारं. ते एका मोठ्या जाळीच्या ड्रममध्ये घालून विजेवर गरागरा फिरवायचं. हळकुंडं एकमेकांवर घासतात आणि साल, मुळ्या, माती सगळ्याची पूड होऊन उडते. याला म्हणतात पॉलिश. सुगीच्या दिवसांत तर ड्रमला उसंत नसते, आणि एरवीही जमिनीखालच्या पेवांतली साठवणीची हळद वरचेवर निघतच असते. हळद चकचकीत होऊन बाजाराला जाते आणि पूड वारा नेईल तिकडं जाते.

सांगलीपासून सायकल मारत जाता येईल अशा एका गावात अशी एक मिल होती. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मिल पश्चिमेला, मधे एक बोळ, आणि पूर्वेला सातवीपर्यंतची शाळा. वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा. मिलचे मालक आप्पा. शाळा सुधार समितीचे अध्यक्ष कोण? तेही आप्पाच. माणूस मोठा गोड. खडीसाखरेसारखं बोलणं, डोक्याला जरीचा फेटा, आणि जेवायला बसवलं की ताटात तुपाची वाटी पालथी केल्याशिवाय समाधान नाही.

पहिल्या तपासणीला गेलो तेव्हा मिल बंद होती. "आज ज्ञानाचा दिवस साहेब, यापाराला सुट्टी," असं आप्पा म्हणाले आणि मी भारावलो. चौथीच्या वर्गावर घोरपडे बाई होत्या. तिशीच्या, ताठ मानेच्या, नवरा फौजेत हवालदार. वर्ग असा शिस्तीत बसलेला की मला वाटलं नवऱ्याची निम्मी पलटण इथंच आहे. मी पाढे म्हणायला सांगितले. पोरांनी असा काही आवाज लावला की छपराची कौलं हलली. 'आवाज खणखणीत, आत्मविश्वास दांडगा' असा शेरा मी तिथल्या तिथं लिहिला. ही पोरं रोज ड्रमच्या घरघरीवर ओरडून पाढे म्हणत होती आणि ड्रम बंद आहे हे सवयीनं विसरली होती, एवढी अक्कल मला त्या दिवशी झाली नाही.

पहिल्या रांगेत शालन नावाची मुलगी होती. हडकुळी, मोठाल्या डोळ्यांची. मी गणित घातलं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. बाई म्हणाल्या, "साहेब, हिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायची आहे. या शाळेतून आजवर एकही मुलगी बसलेली नाही. यंदा तिसरीत आहे, पण मी तिला चौथीत आणून बसवते." मी म्हटलं, वा वा. मग टेप काढली. वर्गाला एकच लहानशी खिडकी, तीही पूर्वेला. माप कुठलं बसायला! मी लिहिलं, 'हवा अपुरी. पश्चिमेच्या भिंतीस चार मोठ्या खिडक्या पाडाव्यात.' वारा पश्चिमेचा म्हणून खिडक्या पश्चिमेला, एवढा भूगोल मला येत होता.

बाई चटकन म्हणाल्या, "साहेब, पश्चिमेला नको, कारण..." आणि तेवढ्यात हेडमास्तर माने गुरुजींच्या हातून खडूची पेटी खाली पडली. सगळे खडू गोळा करायला धावले. पेटी पडली नव्हती, पाडली होती, हे मला पुढं कळलं. उठून बघतो तर आप्पा माझा हात हातात घेऊन म्हणत होते, "साहेब, खिडक्या पाडल्याच म्हणून समजा. माझ्या पदरचं लाकूड, माझा सुतार."

आणि पाडल्या की! दुसऱ्या वर्षी गेलो तर चार लांबरुंद खिडक्या, हिरवे गज, हवा अडू नये म्हणून झडपा नाहीतच, आणि मधोमध संगमरवरी पाटी : 'शिक्षण विस्तार अधिकारी साहेबांच्या सूचनेवरून'. खाली दात्याचं नाव. मिल अर्थातच बंद. नारळ फुटला, पेढे वाटले, मी टेप लावली. माप ठरल्यापेक्षा कितीतरी वर भरलं. मी लिहिलं, 'हवा भरपूर. आदर्श वर्ग. इतर शाळांनी अनुकरण करावे.' आमच्या वरिष्ठांना हा शेरा इतका आवडला की त्यांनी तो परिपत्रकात घातला. माझा ऊर भरून आला. छापील कागदावर आपलं वाक्य बघण्यासारखं सुख सरकारी नोकरीत दुसरं नाही.

त्यानंतर अडीच-तीन महिन्यांची गोष्ट. हळदीची सुगी ऐन रंगात होती. दुसरीकडची तपासणी उरकून परत येताना यष्टी नेमकी त्याच गावच्या फाट्यावर बंद पडून बसली. ऊन मी म्हणत होतं. म्हटलं, आपल्या आदर्श शाळेत जाऊन घोटभर पाणी पिऊ. पत्र नाही, निरोप नाही, असा मी शाळेत कधी गेलो नव्हतो. मला स्वतःलाच चोरासारखं वाटत होतं.

चौथीच्या वर्गात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या चारही खिडक्यांना आतून गोणपाटं ठोकलेली! वर्गात अंधार. मी ओरडलो, "बाई, हे काय चालवलंय? शासनाची हवा तुम्ही बुजवता?" बाई शांतपणानं म्हणाल्या, "साहेब, जरा टेका. आत्ता जेवणाची सुट्टी चालू आहे मिलला." मी कसला ऐकतोय! खुर्चीवर चढून मी स्वतःच्या हातानं दोन गोणपाटं खेचून काढली, उरलेली मोठ्या पोरांकडून काढवली, आणि ऐटीत खुर्चीत बसलो. "आता चालू द्या तास," म्हणालो.

जरा वेळानं ड्रम सुरू झाला. आधी घरघर, आणि मग त्या चार खिडक्यांतून जे आत यायला लागलं ते मी कसं सांगू? दाट नव्हे, धुरासारखं नव्हे. उन्हाच्या पट्ट्यात पिवळट-तपकिरी पूड नुसती तरंगत होती. पोरांनी न सांगता पाट्या पालथ्या घातल्या. मुलींनी परकराचे काठ नाकाला लावले. कुणाला आश्चर्य वाटलं नाही, रोजचंच असल्यासारखं. दहा मिनिटांत माझा पांढरा बुशशर्ट हळदीला बसलेल्या नवरदेवासारखा झाला. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं, मी खाकरलो, मग खोकलो, मग थांबेनाच. आणि मला ऐकू आलं की वर्गही खोकतोय. हा कोपरा थांबला की तो कोपरा. बाई ड्रमवर आवाज चढवून शिकवत होत्या.

मग शालन उठली. कुणाला न विचारता दाराबाहेर जाऊन उंबऱ्याशी बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होत होते. श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. बाई गेल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी जवळ गेलो. ती पोरगी माझ्याकडं बघून हसायला बघत होती, साहेब आलेत म्हणून. अहो, श्वास मिळत नव्हता आणि ती मला मान देत होती!

बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला अर्धा तास झालाय. हिचं हे चौथं वर्ष आहे. सुट्टीत मामाकडं गेली की हिला काही होत नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, धुळीपासून लांब ठेवा. हिच्या घरच्यांनी त्याचा अर्थ काय काढला ठाऊक आहे? शाळेपासून लांब ठेवा. परीक्षेला पाच आठवडे उरलेत. तुम्ही फक्त एक ओळ लिहा, की ही हवा वाईट आहे, वर्ग दुसरीकडं हलवा. तुमच्या खिडक्यांनी झालंय, तुमच्याच लिहिण्यानं निस्तरेल."

मी म्हणालो, "मी बघतो."

सरकारी भाषेत 'मी बघतो'चा अर्थ काय हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. तसा मी आप्पांकडं गेलो, नाही असं नाही. शर्ट झाडतच गेलो. आप्पांनी आधी जेवायला बसवलं. मग पोटभर हसले. "आवं साहेब, हळद हाय ती! इख हाय व्हय? जखमेला लावतो, दुधातनं पितो, लेकीला लावून सासरी धाडतो. हळदीनं कुणी आजारी पडल्यालं ऐकलंय का तुमी? फुकट औषध मिळतंय पोरान्ला, नाकातनं!" गंमत अशी की हे तेच एकटे म्हणत नव्हते. निम्मं गाव हेच म्हणत होतं. एका म्हातारबानं मला आवर्जून सांगितलं की या शाळेतली पोरं इतर गावच्या पोरांपेक्षा उजळ असतात. हळद म्हणजे मंगल. तिच्याबद्दल वाईट बोलायचं म्हणजे देवाधर्माच्या गोष्टीला नावं ठेवायची. कोळशाची मिल असती तर गाव भांडलं असतं. तुपाची वाटी पालथी झाली आणि मीही मान डोलावली.

माझी वाट बघून बाईंनी त्यांचं त्यांनीच बघितलं. मिलच्या पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सोसायटीचं बियाण्यांचं गोडाऊन रिकामं पडलं होतं. बाईंनी सेक्रेटरीकडून किल्ली घेतली आणि एका सकाळी फळा डोक्यावर, बस्करं काखेत अशी वरात काढून सगळी चौथी तिकडं नेली. परवानगी कुणाची? कुणाची नाही. गोडाऊनला खिडकी एकही नव्हती. नुसतं एक दार, बैलगाडी आत जाईल एवढं मोठं. पण तिथं पूड येत नव्हती आणि ड्रम ऐकू येत नव्हता.

आठवड्याभरात माने गुरुजींचा अहवाल आमच्या कचेरीत आला. तो त्यांनी लिहिला होता की त्यांच्याकडून लिहवून घेतला होता, हे विचारायचं कारण नाही. 'आदर्श वर्ग सोडून विनापरवानगी स्थलांतर.' आमच्या वरच्या साहेबांनी मला बोलावलं. "तुमचीच ना ती परिपत्रकातली शाळा? जा, समक्ष पाहणी करा आणि अहवाल द्या."

मी गेलो. या खेपेला कुणाला कळवायची गरजच नव्हती, बाई माझी वाटच बघत होत्या. त्यांना वाटलं, मी सोडवायला आलोय. गोडाऊनच्या दारात उभा राहिलो. पोरं हळू आवाजात वाचत होती. मला आठवतंय, पहिल्यांदा कानाला तेच जाणवलं, की ती साध्या आवाजात वाचताहेत. कुणी खोकत नव्हतं. शालन फळ्यावर गणित सोडवत होती. उंचावर हात पुरेना म्हणून टाचा वर करून लिहीत होती, आणि श्वासाचा आवाज येत नव्हता. मला बघून थांबली आणि खुशीत म्हणाली, "सायेब, आता मला धाप लागत न्हाई. बाईंनी सराव पेपर घेतला, माझं एकच गणित चुकलं!"

मी टेप काढली. दुसरं काय काढणार होतो? लांबी घेतली, रुंदी घेतली. खिडक्या नाहीत. तक्त्याच्या हिशेबानं या वर्गात हवाच नव्हती, आणि तिकडं मिलच्या तोंडाशी ती भरपूर होती, माझ्याच सहीनं.

बाई जवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, एवढी ओळ लिहाच. माझी बदली करायची तर करा. आमच्यांची दर दोन वर्षांनी होते, मी बदलीला भीत नाही. पण तीन आठवडे इथं बसू द्या. परीक्षा होऊ द्या."

तीन आठवडे. जास्त काही मागत नव्हती ती बाई. पण ती ओळ लिहायची तर आधीच्या दोन ओळी खोट्या ठरत होत्या, आणि त्या माझ्या होत्या. 'आपण पूर्वी हवा भरपूर असे नमूद केले असता आता विपरीत अभिप्राय कसा, याचा खुलासा करावा,' हे पत्र मला यायच्या आधीच तोंडपाठ झालं होतं. शिवाय बढतीची यादी निघायची होती. मी घाबरलो, दुसरं काही नाही. लोकांना सांगताना मी नियमांची नावं घेतो, पण मी घाबरलो होतो. मी लिहिलं, 'गोडाऊनमध्ये खिडक्या नसल्याने हवा अपुरी. वर्ग मूळ इमारतीत तात्काळ परत न्यावा. गोणपाटे लावू नयेत.' गोणपाटांचं मला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग परत गेला. सुगीचा ड्रम दिवसभर चालू होता.

त्याच आठवड्यात शालनचा बाप ज्ञानू कचेरीत आला. हा आप्पांच्याच ड्रमवर कामाला. कपड्यांना हळद, भुवयांना हळद. माझ्या टेबलापाशी उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "दिपोटीसायेब, पोरीला लय झालं परवा. रातभर बसून काढली. आमी तिला शाळंतनं काढतोय. बाई लय रडली, पन आमी काय करावं तुमीच सांगा."

मी म्हणालो, "अरे, दोन आठवड्यांवर परीक्षा आली. हुशार आहे पोरगी."

"हुशार हाय म्हनूनच ठिवली एवढं दिस." मग म्हणाला, "मला बी दम लागतोय सायेब. पन माझं काम हाय. तिचं काय कामय का शाळा? सोडली तर चालतंय."

मी त्याला चहा मागवला. तो प्याला आणि गेला. मी काही त्याला थांबवलं नाही.

परीक्षेला त्या शाळेतून तीन मुलगे बसले, एकही पास झाला नाही. पुढच्या वार्षिक तपासणीला मी रीतसर पत्र पाठवून गेलो. मिल बंद होती, चुना ओला होता. बाईंची बदली मागणीशिवाय झालेली होती, चार दिवसांत त्या जाणार होत्या. नमस्कार केला, खुर्ची दिली, बोलल्या मात्र कामापुरतं. मी दप्तर तपासायला घेतलं. शाळेचं एक जनरल रजिस्टर असतं. पोराचं नाव, जन्मतारीख, शाळेत कधी आलं, कधी गेलं आणि का गेलं. का गेलं याची उत्तरं ठरलेली असतात : गाव सोडले, मयत, पुढील शिक्षणासाठी, घरगुती कारण. शालनच्या नावापुढं बाईंनी स्वच्छ लिहिलं होतं, 'शाळेतील हवा'.

मी म्हणालो, "बाई, असं कारण चालत नाही. उद्या वरून कुणी आलं तर काय म्हणेल?"

त्या म्हणाल्या, "खरं तेच लिहिलंय साहेब."

"खरं असेल. पण चालत नाही."

त्यांनी दौत माझ्यापुढं सरकवली. "मग तुमीच लिवा." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

मी लाल शाईनं ते शब्द खोडले, वर 'घरगुती कारण' लिहिलं आणि खाली सही केली. बाकीची कागदपत्रं वीस वर्षांनी जाळतात. जनरल रजिस्टर मात्र कायम जपून ठेवायचं, असा नियम आहे. शालन पुढं कधी दाखला मागायला गेली असेल तर तिला त्यावरून उतरवून दिलं असेल, की तिनं शाळा घरगुती कारणानं सोडली.